शिवण बाहेर

कुंभकोणमच्या भाजीबाजारात मी ज्या बाईकडून भेंडी घेते, ती प्लास्टिकची पिशवी देत नाही. कुणी मागितलीच तर त्याच्याकडे नुसती बघते, मागच्या खिळ्यावरची पिवळी कापडी पिशवी काढते आणि भाजी तिच्यात ओतते. पिशवीचे पैसे घेत नाही. या सगळ्या पिशव्यांची शिवण बाहेर असते. घाईत शिवल्या असतील, असं मला वाटायचं.

एकदा घरी धुताना मी पिशवी सुलट केली. आतून लाल अक्षरांत नवरा-नवरीची नावं निघाली. इकडे तमिळनाडूत लग्नाला आलेल्यांना निघताना नारळ-विडा घालून देतात, तीच ही पिशवी. मी ती तशीच वाळवली आणि पुढच्या खेपेला तशीच बाजारात नेली.

भेंडी भरायला तिने पिशवी हातात घेतली आणि थांबली. मग पिशवी पुन्हा उलटवली, दोन्ही कोपरे बोटाने नीट बाहेर काढले आणि भेंडी भरली.

"मुलीचं लग्न मोडलं, अम्मा," ती तमिळमध्ये म्हणाली. "पिशव्या आधीच छापून आल्या होत्या. कापड चांगलं आहे, टाकवत नाही."

  मी मान हलवली आणि पिशवी घेतली.

आता मी ती पिशवी शिवण बाहेर ठेवूनच धुते. इथे कुणी तो विषय काढत नाही. आमच्या गल्लीत बऱ्याच गच्च्यांवर तशा पिवळ्या पिशव्या वाळत असतात. सगळ्यांची शिवण बाहेर.