सरोद्यांची वाढीव वॉरंटी

एखाद्याने मोटार घेतली की तिचे किस्से त्याच्यापेक्षा त्याच्या मित्रांच्याच घरी जास्त साठतात. लखनौला आमच्या अलीगंजातल्या मराठी कंपूत चार-पाच घरं होती आणि सगळ्यांत मिळून चारचाकी एकच, सरोद्यांची. तिने रस्त्यावर जेवढे किलोमीटर कापले नसतील, तेवढे आम्ही तिला माझ्या बैठकीत चालवलं!

सरोदे रेल्वेत इंजिनिअर. पुलांची तपासणी हे त्यांचं काम, आणि जगातल्या सगळ्याच गोष्टींकडे ते पुलासारखंच बघायचे, म्हणजे आधी तडा कुठे आहे ते. शुभावहिनी जळगावच्या. मुलगी मृदुला नववीत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. फैजाबाद रोडवर चिनहटच्या अलीकडे एक नवं शोरूम उघडलं होतं, तिथून त्यांनी पांढरी छोटी गाडी घेतली. गाडीला दोन वर्षांची वॉरंटी होती. थोडे जास्त पैसे भरले तर आणखी दोन वर्षं वाढवून मिळणार होती. निर्णय तीस दिवसांत कळवायचा. घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न. त्याने आमचे चार रविवार खाल्ले.

*

सुरुवात शोरूममध्ये झाली. तिथले श्रीवास्तवजी अस्सल लखनवी. वॉरंटी विकायची म्हणजे गाडी बिघडू शकते असं कुठेतरी म्हणावं लागतं, आणि गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या गाडीबद्दल असं बोलणं त्यांच्या तहजीबमध्ये बसेना. दोन कप चहा झाले, गोमतीच्या हवेची चौकशी झाली, आणि मग ते म्हणाले, "ख़ुदा न ख़्वास्ता, कभी गाड़ी की तबीयत ज़रा नासाज़ हो जाए, तो आपको ज़हमत न हो."

सरोद्यांनी आपल्या खानदेशी हिंदीत विचारलं, "मतलब, गाड़ी बिगड़ेगी?"

श्रीवास्तवजींनी कानाला हात लावले. शुभ बोला म्हणाले. मग सरोदे म्हणाले, बिघडणार नसेल तर मी पैसे कशाचे भरू? श्रीवास्तवजींचा चेहरा इतका पडला की शेवटी सरोद्यांनाच वाईट वाटलं, आणि विचार करून सांगतो असं म्हणून ते वॉरंटीची कागदपत्रं घरी घेऊन आले.

*

त्या कागदांचे दोन संच दिले होते. एक घरच्यांसाठी, म्हणे. दुसरा संच सरोद्यांनी न बघता टीव्हीवर ठेवला आणि पहिल्यावर लाल पेन्सिल घेऊन बसले. पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले तेव्हा एका पानावर काळ्यापेक्षा लाल जास्त होतं.

त्यांचं म्हणणं असं, की जे झिजतं ते वॉरंटीत नाही, आणि जे वॉरंटीत आहे ते झिजत नाही. यावर मी त्यांना म्हटलं, बँकेतले आमचे फॉर्म तुम्ही वाचलेले दिसत नाहीत. पण ते हसले नाहीत. खरी गोम एका अटीत होती. वॉरंटी चालू ठेवायची तर चारही वर्षं गाडीची सर्व्हिसिंग याच शोरूमच्या वर्कशॉपमध्ये व्हायला हवी होती. एक जरी चुकली, तरी वॉरंटी रद्द.

आता ही अट दुसऱ्या कुणाला किरकोळ वाटेल. सरोद्यांच्या घरात तिचा अर्थ वेगळा होता. शुभावहिनी अकरा वर्षं लखनौत होत्या आणि अकरा वर्षं म्हणत होत्या, "पुढच्या वर्षी भुसावळ." भुसावळला बदली झाली की माहेर अर्ध्या तासावर. बदलीचे तीन अर्ज गेले होते, तिन्हींचा मजकूर वहिनींनी तपासून दिलेला. घर भाड्याचं, सोडायचंच आहे, म्हणून त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता. देवाची तसबीर खुर्चीवर आणि कॅलेंडर खिडकीच्या कडीला. इथल्या वांग्यांत दम नाही, भरीत होत नाही, हे तर आम्ही दर हिवाळ्यात ऐकायचो.

म्हणजे त्या कागदावर सही करणं म्हणजे आणखी चार वर्षं लखनौत राहणार असं लिहून देणं. सरोद्यांना स्वतःला इथलं काम आवडायचं, हे आम्हाला माहीत होतं. घरी ते कधी बोलले नाहीत.

"मला गाडीची भीती नाही हो," ते म्हणाले. "हिला काय वाटेल?"

*

या बाबतीत सल्ला द्यायचा खरा हक्क भालेरावांचा. ते अमौसीला विमानतळावर विमानांच्या देखभालीत. ते म्हणाले, आमच्याकडे पार्ट बिघडायची वाट बघत नाहीत, तास भरले की काढून टाकतात. यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख, वॉरंटी घ्याच. पंधरा मिनिटं त्यांनी असं काही भाषण केलं की मीसुद्धा माझ्या मिक्सरकडे संशयाने बघायला लागलो.

मग ते निघाले. त्यांची स्कूटर आमच्या फाटकाशी उभी. ती त्यांनी एका बाजूला पार जमिनीपर्यंत आडवी केली, उभी केली, सात किका मारल्या, परत आडवी केली. अलीगंजात त्यांची रोजची सकाळ अशीच सुरू व्हायची. सरोदे हाताची घडी घालून बघत होते.

"भालेराव," त्यांनी विचारलं, "हिचे तास कधी भरणार?"

भालेराव घामाघूम होऊन म्हणाले, "हिच्यावर माझा विश्वास आहे."

*

तिसऱ्या आठवड्यात सरोद्यांनी ठरवलं की निर्णय गाडीनेच द्यावा. गाडीने काही कुरकूर केली तर वॉरंटी घ्यायची, म्हणजे वहिनींना सांगायला कारण होईल. नाही केली तर नाही घ्यायची. मग रोज संध्याकाळी चिनहटच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून ते गाडी हाकायला लागले. काचा बंद, पंखा बंद, कान उघडे. आवाज येईना. इतका निराश झालेला नव्या गाडीचा मालक मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि शनिवारी आवाज आला. मागच्या बाजूने, बारीक, धातूवर धातू घासल्यासारखा. सरोदे आनंदाने आम्हाला घ्यायला आले. भालेराव मागच्या सीटवर आडवे झाले, गादीला कान लावून, आणि मी पुढे बसून खड्डे मोजत होतो. तीन फेऱ्यांनंतर भालेरावांनी निदान केलं, मागचं सस्पेन्शन. सरोद्यांनी गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली.

आत स्टीलचा डबा होता आणि डब्यात चमचा. वहिनींनी शेजारच्या मिश्राइनकडे पुरणपोळ्या दिल्या होत्या, तो डबा तिने लोणचं भरून परत पाठवला होता आणि तो डिकीतच राहिला होता. आम्ही तिघांनी तिथेच रस्त्यावर उभं राहून ते लोणचं चाखलं. चांगलं होतं. भालेरावांनी पुढे आठवडाभर सस्पेन्शनचं नाव काढलं नाही.

*

मृदुला जन्माने मराठी, बोलायला पक्की लखनवी. मराठीत विचारा, उत्तर हिंदीत. सरोद्यांनी एकदा जेवताना उगाच आडून विषय काढला. वहिनी पोळ्या वाढत होत्या. सरोद्यांनी मुलीला विचारलं, "मृदू, चार वर्षं नीट राहील का गं आपली गाडी?"

ती भात कालवत म्हणाली, "बाबा, गाड़ी तो रहेगी. हम लोग रहेंगे?"

सरोदे सांगतात, वहिनींनी पोळ्यांचा डबा तिथेच ठेवला. आत गेल्या आणि बराच वेळ तव्यावरची पोळी उलटण्याचा आवाज आला नाही. त्यांना ते लागलं, असं सरोद्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी नक्की केलं, वॉरंटी नको.

*

तिसाव्या दिवशी ते नकार द्यायला निघाले आणि धीर म्हणून मला बरोबर घेतलं. श्रीवास्तवजींना नाही म्हणणं हे एकट्याचं काम नव्हतंच. आम्ही गेलो, चहा झाला, हवा झाली, आणि सरोद्यांनी एका दमात सांगून टाकलं की वाढीव वॉरंटी घेणार नाही.

श्रीवास्तवजी गोंधळले. टेबलावरचे कागद सरळ केले, मग परत वाकडे केले. आपल्याला न सांगण्याची शपथ घातली आहे, म्हणाले, पण आता साहेबांनी नकारच दिला तर खोटं कसं बोलायचं. शेवटी फाईल उघडून त्यांनी आमच्यापुढे ठेवली.

"मैडम तो पहले ही हफ़्ते में ले गई थीं. अकेली आई थीं, रिक्शे से."

खाली सही होती. शुभा सरोदे, मराठीत.

बाहेर आल्यावर सरोदे गाडीत बसले आणि किल्ली हातात धरून तसेच राहिले. मला वाटलं आता हसतील. पण त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, हिने माझ्या गाडीच्या काळजीने घेतली असणार, आणि ती सर्व्हिसिंगची अट बिचारीने वाचली नसणार. आपण किती वर्षांचं लिहून दिलं ते तिला ठाऊकच नाही. तिला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत.

*

आणि दोन महिन्यांनी भुसावळची ऑर्डर आली!

रविवार होता. सरोदे, वहिनी, मृदुला, तिघंही आमच्याकडे आले. सरोद्यांनी ऑर्डर टेबलावर ठेवली. भालेरावांनी ती दोनदा वाचली, माझ्या बायकोने साखर आणली, आणि आम्ही सगळे वहिनींचं अभिनंदन करायला लागलो. अकरा वर्षांनी नवस फळला वगैरे. मृदुला दाराशी उभी राहून नखं खात होती. वहिनी चहा पीत होत्या.

सरोद्यांना राहवेना. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ते वहिनींना हळूच म्हणाले की वॉरंटीचं मला शोरूममध्ये कळलं होतं. गाडी आपण घेऊन जाऊ, वॉरंटी मात्र बुडाली. तू मनाला लावून घेऊ नकोस. "चार वर्षं सर्व्हिसिंग इथेच करायची अशी अट होती. तुझ्या वाचण्यात आली नसेल."

वहिनींनी कप खाली ठेवला. पदराने ओठ टिपले. मग टेबलावरची ऑर्डर उचलून तिची नीट घडी घातली आणि ती सरोद्यांच्या हातात परत दिली.

"वाचली होती," त्या म्हणाल्या. "वाचली म्हणून तर घेतली."