फोटोतला शिवदारा

दिंद्रुडच्या दानम्मा संध्याकाळी गेवराईकडची एसटी आली की किराणा दुकानाच्या पायरीवर येतात. उतरणारी माणसं पाहतात आणि पुन्हा तराजूकडे वळतात.

त्यांचे यजमान विश्वेश्वर १९९५च्या मे महिन्यात माल आणायला जालन्याला गेले, ते परतले नाहीत. बाराव्या दिवशी गोदावरीच्या पात्रात एक प्रेत सापडलं. डोक्यावर मागून घाव होता, चेहरा ओळखू येत नव्हता. शर्टाच्या खिशात प्लास्टिकमध्ये बंद केलेलं मतदार ओळखपत्र होतं. नाव विश्वेश्वर यांचं. बोगस मतदानाला आळा बसावा म्हणून ही कार्डं नुकतीच शाळेत रांगा लावून काढली होती.

सासरे बसप्पांनी सरकारी कार्ड प्रमाण मानलं. लिंगायतांच्या रीतीने देह बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून, शेतात वाडवडिलांच्या ओळीत समाधी दिली. लिंग मात्र जंगमांकडून, लिंगायतांच्या पुरोहितांकडून, नवं आणावं लागलं. देहाच्या गळ्यात ते नव्हतं.

दानम्मांना हे समाधीपाशीच कळलं. दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात गेल्या. विश्वेश्वर लिंग गळ्यात असल्याशिवाय पाणीही पीत नसत. कार्डावरच्या फोटोत कॉलरपाशी शिवदाऱ्याचा, म्हणजे लिंग गळ्यात बांधायचा, पांढरा दोरा दिसतो, तो त्यांनी हवालदार बंकट यांना दाखवला. पाण्यात वाहून गेला असेल, असं बंकट म्हणाले.

"शिवदारा शर्टाच्या आत आस्तोय, दादा. शर्ट आंगावर राह्यला, आन आतला दोरा तेवढा पाण्यानं नेला?"

बंकट यांनी कार्डावरचं नाव नोंदवहीत उतरवून घेतलं. मेलेला माणूस विश्वेश्वर, मारणारे अज्ञात, अशी नोंद झाली आणि वर्षभरात फाईल बंद झाली.

दानम्मांनी कुंकू पुसलं नाही. शेजारच्या छबुबाई साखर घ्यायला आल्या की विचारायच्या, "कावून गं, समाधीत कुणाला बशिवलंय मग? पावण्याला?" दानम्मा साखर बांधून द्यायच्या.

रक्तावरून नातं सांगणारी तपासणी हैदराबादला होते, हे त्यांनी पेपरात वाचलं. त्यानंतर तीन वर्षं त्या अर्ज करत राहिल्या. शेवटी कोर्टाने समाधी उघडायला परवानगी दिली. देहाचा एक दात आणि मुलगी कावेरी हिचं रक्त हैदराबादला गेलं. २००० सालच्या उन्हाळ्यात बंकट अहवाल घेऊन स्वतः दुकानात आले. कावेरीचा आणि समाधीतल्या माणसाचा काही संबंध नव्हता.

दानम्मा गोणीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "मग ह्यो कुणाचा?"

"ते कागद सांगत न्हाई, वहिनी. कुणाशी जुळवायचं ते आपुन द्यावं लागतंय. साऱ्या मुलखाचं रगत कुठं ठिवलंय सरकारनं?"

विश्वेश्वर यांचं कार्ड त्या माणसाच्या खिशात कसं आलं, याचा तपास पाच वर्षांत झालेला नव्हता. त्या माणसाला कुणी मारलं, हेही कुणी शोधलं नव्हतं. नाव मिळालं होतं, तेवढ्यावर काम भागलं होतं.

बसप्पांना परका माणूस वाडवडिलांच्या ओळीतून हलवायचा होता. दानम्मा म्हणाल्या, "बसू द्या, मामा. त्याची बी कुणी गाडी बघत आसंल." शिवरात्रीला त्या समाधीवर आजही बेल वाहतात.

विश्वेश्वर बेपत्ता असल्याची तक्रार पुन्हा लिहून घ्यायची, तर फोटो हवा होता. त्यांचा एकट्याचा फोटो तो एकच, कोर्टातून परत आलेल्या कार्डावरचा. कार्ड फाईलला लावून द्या, असं ठाण्यात सांगितलं. दानम्मांनी ते दिलं नाही. माजलगावला जाऊन झेरॉक्स काढली. चेहरा पूर्ण काळा आला, कॉलरपाशी पांढरा दोरा तेवढा उमटला. त्यांनी तीन वेळा काढून पाहिली. मग तीच ठाण्यात दिली आणि संध्याकाळची गाडी यायच्या आत घरी आल्या.