दत्ताचा मुतखडा

आमच्या महाळुंग्याच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी स्वयंपाक करते. खरकटं न्यायला रोज गाडी येते. किस्से कोण नेणार? ते इथंच साठतात. त्यातले निम्मे एकट्या दत्ताचे. फोर्कलिफ्ट चालवायचा.

मुतखड्यानं माणूस मरत नाही म्हणतात. आमचा मेला.

*

एकदा भर जेवणात ओरडला, "मावशी, भातात खडा!"

म्हटलं, "माझे तांदूळ निवडलेले असतात. तुझाच पडला असेल, बघ!"

त्याला मुतखडा आहे हे सगळ्या शिफ्टला ठाऊक. हसून हसून एकेकाला ठसका लागला.

*

मग जो तो डॉक्टर! कुणी कुळथाचं कढण आणलं, कुणी पानफुटीची पानं. बियर पाजणारे तर रांग लावून उभे.

दत्ता म्हणायचा, "राव, खडा माझा आन् पार्टी तुमची व्हय?"

*

शेवटी पाठीला बारीक भोक पाडून दुर्बिणीनं खडा काढला. परत आला तो डॉक्टरांची नक्कल करत, चष्मा नाकावर ओढल्यासारखा करून. "जड उचलू नका! आतली रक्तवाहिनी नंतरसुद्धा फुटू शकते. क्वचित होतं, पण होतं! लघवी लाल दिसली की तडक या!"

आणि वर स्वतःच म्हणायचा, "क्वचित म्हंजे दुसऱ्याला, मावशी!"

*

विश्रांती संपायच्या आत हा ड्यूटीवर हजर. कंत्राटी पोरांना कायम करायचं चाललं होतं ना, सुट्टीवर राहिलो तर नाव कटेल ही धास्ती. फोर्कलिफ्ट सोडून पेट्यासुद्धा उचलायला लागला.

मी झापलं, "अरे, ऑपरेशन झालंय तुझं!"

"टाका एकच हाय. याला ऑपरेशन म्हणत्यात व्हय?"

"कायम कुठं व्हायचंय रे तुला? कंपनीत की वर?"

त्यावरही हसला मेला. मला काय माहीत, जिभेवर काय बसलं होतं ते!

*

त्या दिवशी जेवताना मध्येच उठून बाथरूमला गेला. आला तो तोंड पांढरंफटक, पण हसत.

"मावशी, तुमच्या बिटाच्या कोशिंबिरीनं पार लाल केलं की हो!"

अख्खं टेबल खिदळलं. सुपरवायझर म्हणाला, "भावा, तुझी रंगपंचमी लवकर आली!"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी पातेल्यात बघितलं.

कोशिंबीर काकडीची होती.