वन्संच्या रेकॉर्डमधलं कपाट

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, घरात भांडायला लागल्या की गल्लीच्या टोकाचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. पण व्हायोला हाती घेतला की त्यांचा सूर उंबरठाही ओलांडत नसे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, अंगाने भरलेला, गळ्याने घोगरा. ऑर्केस्ट्राच्या मधल्या रांगेत वन्संनी जन्म काढला. त्या खरंच वाजवत होत्या, याला शेजारच्या खुर्चीखेरीज साक्षीदार नाही. माझे यजमान त्यांना 'गुपचिळी' म्हणत.

याचं मूळ सासूबाईंच्या दुपारच्या झोपेत होतं. ती मोडू नये म्हणून वन्सं लहानपणापासून कपाट उघडून, आतल्या रजयांकडे तोंड करून सराव करत. सासूबाई गेल्या, सवय राहिली.

"रजयांना काही कळतं का हो?" मी विचारायची.

"तुमच्यापेक्षा जास्त!"

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. आपली एक रेकॉर्ड निघावी आणि तिच्यात आपण ऐकू यावं. व्हायोला आणि पियानोसाठी लिहिलेल्या रशियन रचना त्यांनी निवडल्या. पियानोवर एक निवृत्त संगीतशिक्षक होते. त्यांचे हात पट्ट्यांवर पडले की वाटे, कुणी सामान उतरवतंय. शाळेचा हॉल एका दिवसापुरता मिळाला. दुसऱ्या दिवसापासून तिथे परीक्षा होत्या.

दुपारी मी चहाचा थर्मास घेऊन पोचले, तेव्हा बाकीच्या रचना कशाबशा झाल्या होत्या आणि शेवटची अडून बसली होती. रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन काढून विचारलं, "बाई, पियानो छान आलाय. तुम्ही कधी सुरू करताय?"

"झालंसुद्धा वाजवून!"

माईक जवळ आणला, तर त्यांचा श्वास येई, व्हायोला नाही. मास्तरांनी हात हलका केला, तर वन्सं त्याहून हलक्या. दोघांत जिना उतरायची शर्यतच लागली. शेवटी वन्संनी व्हायोला पेटीत ठेवला.

"चला वहिनी, घरी. मी मधल्या रांगेचीच."

त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला कोपऱ्यात उभं करत. मी आपण होऊनच कोपऱ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "वन्सं, तुमचं कपाट मी सकाळी भंगारवाल्याला दिलं."

"कुठलं? आईचं? मला न विचारता?"

"वाळवी लागली होती."

"वाळवी तुमच्या अकलेला लागलीय!"

"ते घरी बोलू. आधी वाजवा."

"वाजवतेच! मग बघते तुमच्याकडे!"

मास्तरांनी घाबरून सुरुवात केली. रचना संथ होती, पण वन्संचा पहिलाच सूर समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन कानांपासून लांब धरले. पुढे हळूहळू राग ओसरला, सूर मात्र तेवढाच भरलेला राहिला. मी थर्मास उघडायची विसरले. शेवटचा लांब सूर विरतो न विरतो, तोच वन्सं कडाडल्या, "आता बोला! कुठे दिलंत माझं कपाट?"

"हे कापायचं तर सुराचं शेपूटही जाईल," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"मग राहू दे," वन्सं म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी शेपूट फुटलंय."

घरी कपाट जागच्या जागी होतं. वन्सं त्याच्याकडे बघत राहिल्या. "कॉन्व्हेंटात शिकून खोटं बोललात?"

"शिक्षा आधीच भोगली होती."

रेकॉर्ड निघाली, तेव्हा शिंप्यालाही ऐकायला बोलावलं. संथ भागात त्याची मान छातीवर टेकली. शेवटच्या ओरडण्याने तो दचकून उठला. "अहो, मग कपाटाचं काय झालं?"

"कपाटाचं सोडा. व्हायोला ऐकू आला का?"

"तो तर हल्ली रोजच येतो," शिंपी म्हणाला. "मशीन बंद ठेवावं लागतं."

वन्संनी त्याला आणखी एक कप चहा दिला.