भरल्या पेल्याचा स्वार

चौऱ्याऐंशी सालच्या अक्षय्य तृतीयेला, आमचे सासरे, घोडीचा मालक आणि मी अशा तिघांसमोर माझ्या साडूने चार हजार दोनशे रुपये मोजून एक घोडी घेतली, आणि त्या दिवसापासून परभणी जिल्ह्यात त्याच्याइतका बिनकामाचा माणूस दुसरा राहिला नाही. तेवढ्या पैशांत चांगली बैलजोडी आली असती. मी तसे बोललोही. त्याने माझ्याकडे पाहिले ते गाढवाकडे पाहावे तसे.

पेडगावात त्याची जमीन बेताची, पण ऐट जहागीरदाराची. आमच्याकडच्या जत्रेत घोड्यांच्या चालीची स्पर्धा लागते. स्वाराने दुधाने काठोकाठ भरलेला पेला हातात धरायचा आणि घोडी अशी न्यायची की थेंब सांडता कामा नये. एवढी एकच कला देवाने या माणसाला दिली होती. ओळीने चार वर्षे त्याने मानाचा फेटा जिंकला. चार फेट्यांपायी घोडीने किती हरभरा खाल्ला याचा हिशेब मी एकदा त्याला करून दाखवला, तर म्हणाला, "साडूबुवा, तुमी वाणसामानातच मरणार."

स्वारी त्याच्या अंगातून उतरतच नसे. एसटीच्या बाकावरही तो पाठ न टेकता बसायचा. माझ्या लुनावर मागे बसला की वळण आले म्हणून मला गुडघ्यांनी दाबायचा. मेहुणीचे खोबरेल घोडीच्या आयाळीला जायचे आणि मेहुणीच्या केसांना करडईचे. जेवायला बसला की लगाम कसा ओढावा यावर व्याख्यान: हात हलवायचा नाही, फक्त मनगट फिरवायचे. पोरांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना ते पाठ झाले होते.

त्या लगामाची घोडीच्या तोंडात बसणारी कडी मात्र काटेरी होती. घोडीच्या तोंडातून फेस येई, तो पुढे लालसर येऊ लागला. मेहुणीने परभणीहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. त्याने घोडीचा जबडा उघडून आत बोट फिरवले आणि ही कडी काढा, जीभ कापली जाते आहे, असे स्पष्ट सांगितले. सासरे आणि मी ओसरीवरच होतो. साडू हसला. "डाक्टरसाहेब, घोड्याचं तोंड म्हंजे चामडं. तिला काई होत न्हाई."

मेहुणी शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुमीच घालून बघा की."

सासऱ्यांसमोर माघार कशी घेणार? त्याने लगाम काढला, धुतला आणि कडी दातांत धरली. मेहुणी उठली, हात पदराला पुसले आणि लगाम हातात घेतला. हात जरासुद्धा हलवला नाही. जेवताना ऐकले होते तसेच, फक्त मनगट फिरवले.

पुढे आठवडाभर साडू आंबिलीवर होता आणि घरात विलक्षण शांतता होती. ओठाची सूज उतरल्यावर कोणालाही न सांगता त्याने घोडीला साध्या सुती दोरीची, तोंडात कडी नसलेली म्होरकी केली.

त्या वर्षी तो तशीच घोडी घेऊन जत्रेत उतरला. तोंड दुखत नाही हे कळल्यावर घोडी माहेरी निघालेल्या सुनेसारखी चालू लागली. रिंगण सोडून ती थेट रेवड्यांच्या दुकानाशी गेली. दूध साडूच्या सदऱ्यावर, विजारीवर, घोडीच्या मानेवर. सगळी जत्रा हसली, त्यात माझा आवाज मोठा होता. त्याने पेल्यात उरलेले दोन घोट पिऊन टाकले, खाली उतरला आणि दुकानदाराकडून तिच्यासाठी पावशेर रेवड्या घेतल्या. पुन्हा कधी त्याने पेला धरला नाही.

दोन वर्षांनी गंगाखेडचा एक लग्नातल्या घोड्यांचा ठेकेदार आला. घोडीला नाचायला शिकवीन म्हणाला, आणि सात हजार देऊ केले. घरात पोरीचे लग्न ठरलेले. मी हो म्हणायला लावत होतो. साडू म्हणाला, "नाच कसा शिकवतेत ते मला ठाऊक हाय." ठेकेदाराला चहा पाजून त्याने वाटेला लावले. त्या दिवशी मेहुणीच्या हातून त्याच्या ताटात तुपाची धार जरा जास्त पडली.

पोरीचे लग्न त्याने शेताचा एक तुकडा विकून केले. हा माझ्या मते शुद्ध मूर्खपणा. घोडी आता म्हातारी झाली आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. गेल्या पाडव्याला शेजाऱ्याच्या पडीक रानात तिला वर्षभर मोकळे चरू द्यावे म्हणून तीनशे रुपये द्यायचे ठरले. साडूकडे दोनशे निघाले. उरलेले शंभर शेजाऱ्याच्या हातावर मीच ठेवले.