जावाच्या समुद्रातलं धुकं

विमल करंदीकरला नवऱ्याबद्दल तक्रार करताना मी कधी ऐकलं नाही. ती कसर मीच भरून काढायची. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. नवरा शामकांत मालवाहू जहाजावर कॅप्टन. सिंगापूरला घर केलं तर येता-जाता भेट होईल, असं सांगून त्यानं तिला अलिबागहून इथं आणलं, आणि भेट मात्र वर्षातून दोनदा, तीही पाहुण्यासारखी. मूलबाळ नाही. शेजारच्या चिनी म्हातारीशी नुसतं हसायचं, कारण भाषा येत नाही. सगळा आठवडा ती रविवारच्या एका फोनवर काढायची.

रविवारी तिला बाहेर काढणं महाकठीण. "चल, सेरंगून रोडला ताजी मेथी आलीय," म्हटलं की, "तू जा गं, यांचा फोन यायचाय." आंघोळीला गेली तरी दार किलकिलं ठेवायची. फोन पाच मिनिटांत संपायचा आणि बाई दिवसभर गुणगुणत असायची. मला तर रागच यायचा.

कधी फोन यायचा नाही. मग दोन दिवसांनी खुलासा: धुकं होतं. तेव्हा त्याचं जहाज जपानहून अमेरिकेला जायचं. धुकं दाटलं की कॅप्टनला ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीतून, हलता येत नाही, डोळे रडारवर आणि दर दोन मिनिटांनी भोंगा, तिथं फोन कसला करतोय! विमल हे इतक्या कौतुकानं सांगायची, की जणू ते धुकं त्यानं एकट्यानं उपसलं होतं.

"आपल्या बेडोकच्या तलावावर कसं नाही गं पडत धुकं?" मी एकदा सहज विचारलं.

तिनं मला फ्रीजसमोर उभं केलं आणि फ्रीझरचं दार उघडलं. पांढरा लोट खाली उतरला. "ही इथली दमट हवा. तिला गारवा लागला की तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. समुद्रावर तेच. दक्षिणेचा उबदार ओला वारा उत्तरेच्या गार पाण्यावरून जातो, खालून गार होत जातो, की झालं धुकं. तळ्यावर उलटं. थंडीत पहाटे पाणी उबदार आणि वरची हवा गार, चहाच्या कपासारखं. लग्नानंतर महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दाखवलं होतं यांनी, होडीत." सांगता सांगता ती लाजली. "इथं पाणीही कोमट, हवाही कोमट. धुकं पडायला कुणीतरी एकानं गार असावं लागतं."

"मग तुमच्या घरात तर रोज पडायला हवं," मी म्हटलं. माझी जीभ ही अशी. ती हसली आणि तिनं दार लावलं.

शहाण्णव साली शामकांतला जवळचं जहाज मिळालं. जकार्ता ते मकासर, जावाच्या समुद्रात. "हाकेच्या अंतरावर आले," म्हणत विमलनं घरी केलेले पेढे वाटले. सुरुवातीला फोन आलेही. मग एक रविवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसले. ती फोनकडे अजिबात बघत नव्हती, आणि ते न बघणंच मला बघवेना.

दुपारी फोन वाजला. जहाजावरून बोलायचं तर ओरडावंच लागतं, त्यामुळे त्याचा शब्दन् शब्द मलाही ऐकू येत होता.

"विमल, अगं काय सांगू! दोन्ही रविवारी धुकं. ब्रिज सोडता आला नाही."

मला थोड्या वेळानं उमजलं, तिला आधीच उमजलं होतं. जावाचा समुद्र म्हणजे आंघोळीचं कोमट पाणी.

"पाणी किती गार होतं?" तिनं विचारलं.

"कसलं पाणी?"

"समुद्राचं."

"हे काय मध्येच?"

"तिथं असं धुकं पडत नाही, हो." तिचा आवाज चढला नाही. "फोन करावासा वाटला नाही, असं म्हणाला असतात, तर रडले असते आणि संपलं असतं. पण धुकं कसं पडतं ते तुम्हीच मला शिकवलंत, होडीत बसून. आणि आता मलाच हे सांगताय?"

त्यानं माफी मागावी, निदान चिडावं तरी, असं मला फार वाटत होतं. पण तो आठवायला बघत होता. मग त्यानं अगदी खरंखुरं विचारलं,

"मी? कुठल्या होडीत?"

विमलनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिला कळलाही नसावा.

"जाऊ दे," ती म्हणाली. "जेवलात का?"