अख्खा कोट

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे बाहीवाली म्हणायचे. कारखाना कोटांचा. तिथे एका बाईने एकच तुकडा शिवायचा, तोही जन्मभर. वहिनीच्या वाट्याला डावी बाही आली होती. उजवी शेजारच्या बाकावर, कॉलर त्यापुढे, काजं-बटणं भिंतीपलीकडे. तयार कोट तिने पाहिले ते फक्त दुकानाच्या काचेतून. "तेही डावीकडूनच ना गं?" असं मी चिडवायची.

ती हसायची नाही. एकदा जेवताना म्हणाली, "आजवर मी एकाही माणसाला पुरतं झाकलेलं नाही. यंदा थंडीच्या आत अख्खा कोट शिवणार. कापण्यापासून बटणापर्यंत, एकटी."

"आणि घालणार कोण?"

तिने दादाकडे बोट दाखवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. चुन्याच्या भट्टीवर राबून त्याची छाती पार कामातून गेली होती. तो ही थंडी काढणार नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावून सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो काही दुधखुळा नव्हता.

"शिव," तो म्हणाला. "फक्त लवकर. गिऱ्हाइकाला घाई आहे."

मला संताप आला. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि हिला कोटाचं खूळ! मी तोंडावर बोलले, "त्याच्या उशाशी बसायचं सोडून चिंध्या कसल्या उसवत बसतेस?" तिने पुढचा टाका उसवला.

भंगार बाजारातून आणलेला एक जुना कोट ती उसवत होती. त्याचे तुकडे जमिनीवर पसरून तिने वर्तमानपत्रावर गिरवले. कामावरून आली की थेट मशीनवर. खांदा जमेना, पुन्हा पुन्हा उसवला. कॉलरने तर नाकी नऊ आणले. बाह्यांसाठी मात्र तिने कागद घेतलाच नाही. "बाही मला शिकवायला नको," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. कापड जाड, करडं, दोन्ही अंगांनी सारखं. वेळ थोडा, म्हणून अस्तराचा बेत तिने सोडून दिला.

थंडी पडली आणि कोट झाला. दादा भिंतीला धरून उठला, कोट घालून आरशासमोर उभा राहिला. डावा हात खिशात, उजवा पाठीमागे.

"बघा तोरा! साहेबच झाला की," मी म्हटलं.

तेव्हापासून कोट अंगात असला की तो तसाच. उजवा हात मागे, चहाचा कपसुद्धा डाव्या हातात. शेजाऱ्यांना बोलावून कोट दाखवायचा. वहिनीला आभाळ ठेंगणं झालं. "बसतोय ना हो नीट?" ती विचारायची. "जरा हात वर करून दाखवा."

"साहेब लोक कवायत करत नाहीत," तो म्हणायचा.

मीही माझे शब्द मागे घेतले. त्या मरणाच्या घरात तेवढे दिवस खरोखर आनंद होता.

मग एका सकाळी तो गेला. अंगणात माणसं जमली. "कोटातच न्यायचं," वहिनी म्हणाली. आम्ही दोघींनी कोट चढवला, हात छातीवर ठेवले. डावा राहिला. उजवा राहीना. ठेवला की बाही त्याला मागे ओढायची.

"हात आखडला असेल," मी म्हटलं.

कोपरापाशी बाहीला पुढे वळणारा बाक असतो; वहिनीने तिथली शिवण चाचपली. तिची बोटं थांबली.

"ही पण डावीच आहे गं."

मला आधी कळलंच नाही. मग तो साहेबी तोरा आठवला, तो डाव्या हातातला कप आठवला. पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं.

बाहेरून हाक आली, "चला, उशीर होतोय."

"थांबा म्हणावं त्यांना," वहिनी म्हणाली. तिने कोट उतरवला आणि जमिनीवर बसून बाही उसवायला घेतली. कापड दोन्ही अंगांनी सारखं होतं. तिने बाही आतून बाहेर उलटी केली, तशी डावीची उजवी झाली; मग शिवणी पुन्हा जोडल्या. भरल्या अंगणाला मशीनचा खडखडाट ऐकू गेला. "हिचं डोकं फिरलं का?" कुणीतरी म्हणालं. मी दारात जाऊन उभी राहिले. "शिवून होईपर्यंत कुणी आत यायचं नाही," असं मी ओरडले.

आता उजवा हात छातीवर राहिला. वहिनीने खालपासून एकेक बटण लावलं. गळ्याशी पोचली, कॉलर नीट केली.

"झाला अख्खा," ती म्हणाली, आणि मग तिने हंबरडा फोडला.